दिवा वाढवावा

१६ सप्टेंबर १९३१, बुधवार. थळ.

दारातला दिवा यापुढे लावायचा नाही, असा अलिबागच्या समितीचा निरोप आज आला. मी तो लावणार आहे. उद्या याच्या दहा गोष्टी होतील, आणि त्या सांगणाऱ्यांपैकी एकही जण संध्याकाळी थळच्या किनाऱ्यावर उभा राहिलेला नसेल. निदान एक सरळ हकीकत असावी म्हणून ही वही सुरू केली. एरवी रोजनिशीची मला हौस नाही. शाळेत मुलींकडून लिहवून घेत असे आणि वाचताना मलाच जांभया येत.

हकीकत अशी. मिशनचे इथले प्रार्थनामंदिर लहान आहे. मागच्या दोन खोल्यांत मी राहते. मुलींची शाळा बंद झाली तेव्हा समितीने त्या खोल्या मला हयातभर दिल्या, ‘समितीच्या आज्ञेत राहतील तोवर’ या अटीवर. अट वाचून मी तेव्हाच हसले होते. मंदिराच्या समुद्राकडच्या भिंतीवर एक कंदील टांगलेला असतो. चार काचांचा, गलबतावरचा. कुठल्या तरी फुटलेल्या गलबतातून वाहत आला आणि ठमाबाई कोळिणीच्या नवऱ्याने, तो जिवंत असताना, मला आणून दिला. म्हणजे कंदील माझा आहे, मिशनचा नाही. हे इथे लिहून ठेवते.

संध्याकाळच्या प्रार्थनेला मी तो लावते. पूर्वी प्रार्थना संपली की आत घेत असे. अलीकडे काही वर्षे सकाळपर्यंत तसाच ठेवते, कारण रात्री परतणाऱ्या कोळ्यांच्या मचव्यांना त्याचा उपयोग होतो. खडकांमधली वाट नेमकी मंदिरासमोर उघडते. दिवा नाकासमोर धरला की मचवा सरळ वाळूवर येतो.

तक्रार अशी. समितीचे सेक्रेटरी हरेश्वरराव मागच्या रविवारी उपासना चालवायला आले होते. टांग्याची वाट पाहत ओट्यावर बसले असता त्यांनी पाहिले की कोळणी येतात, पायरीवर बाटली ठेवतात, दिव्याकडे पाहून हात जोडतात आणि जातात. एकीने अबोलीचे फूल ठेवले. हरेश्वररावांनी माझा चहा घेतला, नानकटाई घेतली, चकार शब्द काढला नाही, आणि अलिबागला जाऊन सांगितले की काळोखेबाईंच्या दारात दीपपूजा चालते.

बाटल्यांत घासलेट असते. घासलेट कोणत्या देवाला वाहतात ते मला कोणीतरी दाखवावे. फूल मी रोज उचलून टाकते.

निरोप्याला म्हटले, “तोंडी हुकूम मी ऐकत नाही. लेखी आणा.”

२० सप्टेंबर, रविवार

हात जोडण्याबद्दल. दिवा लागला की हात जोडायचे, ही या मुलखातली सवय आहे. माझी आई बाप्तिस्मा घेऊन म्हातारी झाली, पण दिवा लागला की तिचे हात आपोआप एकमेकांपाशी जात. वडील टोकत. ती म्हणे, “दिव्याला नाही हो, उजेड आला म्हणून.” समितीने हे तिच्याकडून ऐकायला हवे होते.

आणि हरेश्वररावांनी मूर्तिपूजेवर बोलावे! त्यांच्या घरात बाप्तिस्मा आजोबांपासूनचा, पण त्यांचे स्वतःचे नाव अजून हरिहरेश्वराच्या देवळातले. मी त्यांना कधी म्हटले नाही की आधी नाव टाका.

२४ सप्टेंबर, गुरुवार

गुलबानू आज बाटली घेऊन आली. ही माझी शेजारीण. तिचे घर माझ्या मागच्या भिंतीला लागून आहे, वर माडी. नवरा वारला. मुलगा बदरुद्दीन बसऱ्याच्या जहाजावर खलाशी आहे. ती गुरुवारीच येते. मी आज स्पष्ट बोलले.

“गुलबानू, गुरुवारचं तेल दर्ग्यात देतात. हा दर्गा नाही.”

“मला काय ठाऊक न्हाय व्हय? दर्ग्याला गोडं तेल लागतं. ह्यो तुमचा घासलेट पितो.”

“मग गुरुवारच का?”

“गुरुवारी मी दर्ग्यात जाते. परत येताना दोन कामं एका चालीत होतात. पाय माझे दुखतात का तुमच्या समितीचे?”

“समितीचं तुला कोणी सांगितलं?”

“अख्ख्या थळाला ठाऊक हाय. बदरू घरी येल तवा त्याला कुनाचा उजेड दिसनार? तुमचाच ना? मग मी त्यात थेंबभर घालायचं न्हाय, ह्यो कुठला इन्साफ?”

मी बाटली घेतली. पायरीवर आधीच आणखी एक बाटली होती. तोंड स्वच्छ पुसलेली, बूच फडक्याचे, फडक्याला चौघडी. कोळ्यांच्या वाडीत बुचाला नुसता बोळा कोंबतात. चौघडी मी शाळेत शिकवीत असे.

ती हिरामणची बायको ठेवून जाते. हिरामण हा ठमाबाईचा मुलगा, मचवा चालवतो. त्याची बायको पूर्वी माझ्याकडे होती. इन्फ्लुएंझाच्या साथीत तिचे आईबाप गेले तेव्हा मी तिला शाळेत ठेवून घेतली. पुढे तिने हिरामणशी लग्न केले, कोळ्यांच्या रीतीने. ख्रिस्ती मंडळीने नियमाप्रमाणे तिचे नाव सभासदांतून काढून टाकले. नियम होता, मी त्यावर काही बोलले नाही, आणि तेव्हापासून आमचे बोलणे नाही. दिवा सकाळपर्यंत ठेवण्याचा त्याच्याशी संबंध नाही. हिरामणचा मचवा त्या वर्षापासून रात्री जाऊ लागला हे खरे, पण बाकीचेही मचवे जातातच.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

पत्र आले. लेखी मागितले होते, लेखी मिळाले. मथळ्यावर मिशनचे नाव, खाली हरेश्वररावांची सही, आणि मधोमध हे वाक्य: ‘सदर दिवा इतःपर वाढवावा.’

मी दोनदा वाचले आणि मोठ्याने हसले. इतके की गुलबानूने माडीवरून विचारले काय झाले.

आपल्यात दिवा ‘विझव’ म्हणत नाहीत; अपशकुन होतो. दिवा ‘वाढवतात’. बांगडी फुटली तर ती वाढते, नारळ फोडायचा तर तोही वाढवतात. बोलायची भीती वाटते तिथे उलटा शब्द. मुलींच्या निबंधात हा शब्द आला तर मी खोडत असे. जे आहे ते लिहा, म्हणत असे.

आणि आता समिती! दीपपूजा मोडायला निघालेल्या या गृहस्थांना ‘विझवावा’ एवढी चार अक्षरे लिहायची छाती झाली नाही. मिशनच्या कागदावर अपशकुन नको!

मुंबईला कॉलेजात तर्कशास्त्र शिकले त्याला तीन तपे होतील, पण एक गोष्ट डोक्यात राहिली आहे: वाक्याचे दोन अर्थ निघत असतील तर लिहिणाऱ्याच्या लौकिकाला शोभेल तो घ्यावा. ख्रिस्ती मंडळी दिवा विझवायला सांगतील हे संभवत नाही. तेव्हा त्यांना म्हणायचे आहे ते उघड आहे.

३ ऑक्टोबर, शनिवार

वाढवला. अलिबागहून दुप्पट रुंद वातीचा बर्नर आणवला. समितीला उत्तर पाठवले: ‘आज्ञेप्रमाणे दिवा वाढवला आहे. खर्चाचा बोजा समितीवर टाकत नाही.’

संध्याकाळी ठमाबाई मासळीची पाटी घेऊन आली. पाटी उतरवायच्या आधीच तोंड सुरू.

“काळोखेबाय, काय लावलंय ह्ये? समुद्रावरना पोरांना वाटलं गावाला आग लागली.”

“समितीचा हुकूम आहे.”

“समितीला अक्कल आली?”

“शब्द आला. अक्कल यायची आहे.”

“आडनावात काळोख नि दारात येवढा उजेड,” असे म्हणून तिने दोन बांगडे माझ्या ताटलीत टाकले. पैसे घेतले नाहीत. मी ओरडले तर म्हणाली, “देवाला न्हाय वाहत, तुमाला खायला देते. इचारलं कुनी तर सांगा.”

११ ऑक्टोबर, रविवार

आज प्रार्थनेत मन लागले नाही. कारण लिहिते.

वाडीत सगळे ‘काळोखेबाईचा दिवा’ म्हणतात. कालच किनाऱ्यावर एक परका खलाशी दुसऱ्याला विचारत होता, काळोखेबाईचा दिवा तो हाच काय. मला बरे वाटले. बरे वाटले हे वाईट आहे. दिवा प्रभूच्या नावाने लावला असेल तर माझे नाव त्याला का चिकटले? आणि चिकटले ते मी इतकी वर्षे का सोडवले नाही?

हा प्रश्न हरेश्वररावांनी विचारला असता तर मी मान खाली घातली असती. त्यांना तो सुचला नाही. त्यांना फूल दिसले.

दिवा दाखवायची वस्तू नाही. त्याच्या उजेडात दुसरे काही दिसले पाहिजे. मुलींना मी धर्म इतकाच शिकवला. बाकीचे पाठ करून घेतले.

तरी मागे हटत नाही. गर्व माझा आहे, त्याचे मी पाहीन. पण समोरचे खडक गर्वाचे नाहीत, दगडाचे आहेत.

१९ ऑक्टोबर, सोमवार

समितीचे दुसरे पत्र. ‘आमच्या पत्राचा आपण विपर्यास केला आहे.’ विपर्यास कोणता ते लिहिलेले नाही. लिहिणार कसे? तो शब्द लिहावा लागेल.

उत्तर दिले: ‘खुलासा व्हावा.’

९ नोव्हेंबर, सोमवार. दिवाळी.

आज एक चूक झाली, ती माझी. संध्याकाळी बाहेर आले तर वाडीत पणत्या लागल्या होत्या, पण फक्त मागच्या दारांना. समुद्राकडच्या एकाही दाराला पणती नाही. सगळी रांग काळी, मधे माझा एकटा दिवा. मला वाटले, समितीच्या बातम्या पसरल्या, लोकांनी मला वाळीत टाकले. माझ्या दिव्याशेजारी आपली पणती नको. राग आला. ठमाबाईला तिथेच जाऊन विचारले, हे काय आहे.

ती माझ्याकडे बघतच राहिली. “बाय, तुमी शिकलेल्या ना? पुढच्या दारांना धा पन्त्या लावल्या तर पोरांना तुमचा दिवा कंचा ते कसं कळंल? दर साली मागंच लावतो आमी.”

“दर साली?”

“तुमी दिवाळीत दार लावून आत बसता. तुमाला कशाला दिसंल!”

खरे आहे. दिवाळीला मी दार लावते.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

काल संध्याकाळचे लिहिते. हात दुखतो आहे, अक्षर बरे नाही.

दुपारपासून दक्षिणेचा वारा सुटला. पाच मचवे बाहेर होते. दिवेलागणीला बायका सगळ्या वाळूवर. मी दिवा लावला आणि लगेच दक्षिणेकडची काच तडकून खाली पडली. वात विझली. पुन्हा लावली, विझली. शाल धरली, शालीतून वारा येतो. फळी धरली, फळी हातात राहीना. समोर खडकांवर फेस दिसत होता आणि त्यापलीकडे काही दिसत नव्हते. मी प्रार्थना करत होते असे लिहायला हवे. मी वाऱ्याला शिव्या देत होते.

तेवढ्यात हिरामणची बायको धावत आली. काखेत पितळी पायली, तांदूळ मोजायची.

“बाई, कोयता.”

इतक्या वर्षांत हा तिचा मला पहिला शब्द. मी म्हणाले, “पायली चांगली आहे, मोडू नकोस.” हा माझा पहिला.

तिने ऐकले नाही. स्वयंपाकघरात गेली, कोयता कुठे असतो हे तिला सांगावे लागले नाही. पायली पायरीवर पालथी घातली आणि कोयत्याच्या पाठीने तळ फोडून काढला. कंदिलाची टाकी वातीसकट बाहेर ओढली, पायली तोंड समुद्राकडे करून आडवी धरली आणि फोडलेल्या तळातून टाकी पेटवून आत सरकवली. दक्षिणेचा वारा पितळेवर आपटू लागला आणि आत वात ताठ उभी राहिली. तांदळाने घासून घासून पायली आतून आरशासारखी झालेली. सगळा उजेड गोळा होऊन एकाच दिशेला, समुद्राकडे पडला. पांढऱ्या फडक्याची पट्टी अंथरावी तसा.

पितळ तापले. तिने पदर ओला करून पायली धरली, मी टाकी धरली. असे आम्ही उभे होतो. मचवे एकेक करून आले. ठमाबाई हाकेवरून ओळखून नावे सांगत होती. चार आले. पाचवा हिरामणचा, तो येईना. कमळ (हिरामणच्या बायकोचे नाव; आजवर या वहीत लिहिले नव्हते) समुद्रावरची नजर काढीना. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता.

मग ठमाबाई ओरडली, “हिरामन! मेल्या, किती उशीर!”

मी कमळला विचारले, “हात भाजला का?”

“न्हाय.”

“नाही म्हण.”

“नाही, बाई.”

भाजला होता. खोबरेल लावून दिले. हिरामण ओला तसाच वर आला. मला म्हणाला, “बाई, पायली गेली आमची.” कमळ हसली. तिचे हसणे बदललेले नाही. शाळेत यासाठी तिला मी कोपऱ्यात उभी करीत असे.

दिवा मापाखाली ठेवू नका, अशी प्रभूची शिकवण आहे. तळ काढलेल्या मापाबद्दल तो काही बोललेला नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार

उपासनेला आत नेहमीचे चौघे आणि बाहेर सगळी वाडी. मी दार उघडे ठेवले. कोणाला आत ओढले नाही, कोणाला हाकलले नाही. उपकारस्तुती मराठीत साधी केली, बाहेरच्यांना कळेल अशी. शेवटी बाहेरूनही ‘आमेन’ आले, थोडे उशिरा आणि फार मोठ्याने.

अलिबागला बातमी पोचली आहे की काळोखेबाईंच्या दारात आता पायलीचीही पूजा सुरू झाली.

२१ नोव्हेंबर, शनिवार

हरेश्वरराव आले. सगळे संभाषण लिहिते, कारण तिथे ते सांगतील तसे इथे झालेले नाही.

ते ओट्यावर बसले, मी उभी राहिले.

“बाई, पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, दिवा वाढवावा.”

“वाढवला.”

“तुम्हाला अर्थ माहीत आहे.”

“मला माहीत आहे. तुम्हालाही होता, तर तो का लिहिला नाहीत?”

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग समजुतीच्या आवाजात म्हणाले, “दिवा आत ठेवा. प्रार्थनेला लावा. नको कोण म्हणतं? बाहेर कशाला?”

“आत आम्ही चौघं असतो. आम्हाला वाट माहीत आहे.”

“खांदेरी बेटावर सरकारी दिवा आहे. कोळ्यांना तो पुरे.”

ठमाबाई पायरीखाली पाटी घेऊन उभी होती, ऐकत. ती म्हणाली, “सायेब, तो दिवा आगबोटींना सांगतो, हिकडं येऊ नका. ह्यो आमाला सांगतो, हिकडं या.”

हरेश्वरराव तिच्याकडे न पाहता म्हणाले, “बाई, हा प्रश्न साक्षीचा आहे. लोक काय समजतात याचा आहे. आज दिव्याला हात जोडतात, उद्या तुमच्या पायलीला कुंकू लावतील.”

“लावलं तर मी पुसेन. तळ काढलेलं पितळ पुसायला सोपं असतं. मुद्द्याचं बोला. तुम्हाला जे हवं ते स्वच्छ लिहा, मी पाळते.”

हे म्हणणे धोक्याचे होते हे कबूल करते. त्यांनी लिहिले असते तर मला पाळावे लागले असते. मी दिलेला शब्द फिरवत नाही.

दौत, टाक आणि त्यांचेच पत्र पुढे ठेवले. “‘वाढवावा’ खोडा. वर लिहा, ‘विझवावा’. खाली सही करा.”

त्यांनी टाक शाईत बुडवला. तेवढ्यात दिवेलागणीची वेळ झाली आणि मागे कमळने कंदील लावला. वादळापासून संध्याकाळी तीच येते. उजेड कागदावर पडला. हरेश्वररावांचा हात वर आला, डावाही वर आला, आणि मधे टाक धरलेला, तसेच दोन्ही हात एकमेकांपाशी गेले. क्षणभरच. शाईचा थेंब पत्रावर पडला.

बोलायला पुष्कळ होते, पण मला माझी आई आठवली. ठमाबाईने पाटीतले मासे उगाच वरखाली केले.

हरेश्वररावांनी टाक खाली ठेवला. शब्द लिहिला नाही. रुमालाने बोटे पुसली आणि खाली मान घालून म्हणाले, “बाई, महिनाअखेर किल्ल्या द्या. तेवढं तरी समितीला सांगता येईल मला.”

“देईन.”

“तुम्ही कुठे जाल?”

“तो समितीचा प्रश्न नाही.”

जाताना त्यांनी टांग्यातून एकदा मागे वळून पाहिले. माझ्याकडे नव्हे.

२५ नोव्हेंबर, बुधवार

दिव्याचा प्रश्न मोठा आहे. भिंत मिशनची, महिनाअखेरीस कंदील तिथून काढावा लागेल. कमळच्या घरावर लावावा म्हटले तर ठमाबाईने कानाला हात लावले. “दिवा सरकला तर पोरं खडकावर जातील. त्यापरीस नसलेला बरा.” खरे आहे. चुकीच्या जागचा दिवा अंधारापेक्षा वाईट. हे मी समितीला लिहायला हवे होते. आता उशीर झाला.

गुलबानू माडीच्या खिडकीतून सगळे ऐकत होती.

“तुमचा दिवा हाय त्याच्या बराबर मागं माझी खिडकी हाय. रेघ तीच. मी रोज बगते ना! वर हाय म्हणून लांबून दिसंल.”

“तुझ्या जमातीचे लोक काय म्हणतील?”

“माझा पोर समुद्रात हाय. जमात न्हाय.”

“दिवा लागताना तिथे प्रार्थना होते, गुलबानू. ती मी सोडणार नाही.”

“करा की. मी तवा नमाजलाच बसते. खुदाला दोघींचं ऐकायला येतं का न्हाय ते त्याचं तो बगंल. पन जिना वाईट हाय हां, पाय जपून टाका.”

संध्याकाळी कंदील नवी काच घालून खिडकीत टांगला. हिरामणने मचवा बाहेर नेऊन रेघ पाहिली. परत आल्यावर म्हणाला, “सरळ. पयल्यापेक्षा आधी दिसतो.” म्हणजे दिवा पुन्हा वाढला. समितीला कळवीन.

माझे काय, ते अजून ठरत नाही. पुण्याला बायकांच्या आश्रमात जागा आहे का म्हणून लिहिले आहे. साठी उलटल्यावर नवीन जागी अंथरूण घालायचे मनाला बरे वाटत नाही. भीती वाटते असे लिहिते. जे आहे ते लिहावे. पण या भीतीने मी दिवा आत घेतला असता तर अधिक भीती वाटली असती.

२८ नोव्हेंबर, शनिवार

पुण्याहून उत्तर: तूर्त जागा नाही.

हिरामणच्या घराला चुना लावणे चालले आहे. लग्न नाही, सण नाही, एवढ्यात कशाला कोण जाणे. कमळच्या हाताला, भाजलेल्याच, चुना लागलेला दिसला, रागावले. तिने ऐकून घेतले.

हिरामणने विचारले, “बाई, तुमची खाट लांबीला किती?” मी सांगितले, चार हात धर, आणि गाडी करायची तर लांब दांड्यांची कर. तो “व्हय व्हय” म्हणाला. गाडी कुठे जाणार हे त्याने विचारले नाही. साधा माणूस आहे.

३० नोव्हेंबर, सोमवार

ताबा दिला. दोन नोंदी केल्या, दोन्हींची नक्कल इथे ठेवते.

हरेश्वररावांच्या ताब्यात:

प्रार्थनामंदिराची किल्ली आणि दोन खोल्यांच्या किल्ल्या.
बाके, सगळी, एकाचा पाय हलतो.
उपासनेचे टेबल, वरच्या पांढऱ्या चादरीसह. चादर धुतलेली.
घंटा.
समुद्राकडच्या भिंतीतला लोखंडी आकडा, ज्याला कंदील टांगत असे. आकडा मिशनचा आहे.
शेरा: दिवा समितीच्या पत्राप्रमाणे वाढवला. आता शेजारच्या माडीतून दिसतो. खात्री करायची असल्यास संध्याकाळपर्यंत थांबावे.

त्यांनी शेरा वाचला, सही केली. थांबले. दिवा लागला तेव्हा टोपी काढून उभे होते. हात खिशात घालून ठेवले होते.

कमळच्या ताब्यात:

कंदील, चार काचांचा.
वात कापायची कात्री.
घासलेटचे नरसाळे.
पायली, बिनतळाची.
संध्याकाळची प्रार्थना, तोंडपाठ. आज म्हणून घेतली, एकदाही अडली नाही.

तिने सही केली, ‘कमळ हिरामण’. मग कागद परत दिला नाही. म्हणाली, “बाई, एक नग ऱ्हायला.”

“राहिला म्हण. काय राहिलं?”

तिने टाक घेतला आणि सहीच्या वर, उरलेल्या जागेत, एक ओळ घातली: ‘दिनाबाई काळोखे, खाटेसह.’

बाहेर हिरामण आणि ठमाबाई खाट उचलून वाटेला लागलेही होते. वाट पुण्याची नव्हती.

ओळ मी तपासली. दीनाबाईतला ‘दी’ तिने ऱ्हस्व लिहिला होता. तो दीर्घ केला. बाकी नोंद बरोबर आहे.